एकडोळ्या देव आणि शेवटची बांधी

माझ्या वडिलांच्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकणं म्हणजे गोऱ्ह्याच्या मानेवर पहिल्यांदा जू ठेवणं. मान इकडे, हात तिकडे, आणि थेंब गालावरून ओघळून धोतरावर. वरून मलाच, "झाला ना, जाय आता आपल्या कामाले." दिवसातून तीन वेळा हा तमाशा. माझा स्वभाव तापट, त्यांचा माझ्याहून तापट. घरात आधी कोण भडकतं एवढाच काय तो प्रश्न असायचा.

आई गेल्यावर मी त्यांना नवेगाव बांधाकडच्या आमच्या गावाहून कुडव्याला आणलं. कुडवा म्हणजे गोंदियाला लागूनच. पुढच्या खोलीत माझं फॉल-पिको आणि ब्लाउजचं दुकान, मागे दोन खोल्या. नवरा सकाळी राइस मिलमध्ये जातो तो संध्याकाळी येतो, लेक नागपूरला शिकते. दिवसभर घरात मी, बाबा आणि शिलाई मशीन. बाबांचा उजवा डोळा तेव्हाच पूर्ण गेला होता. काचबिंदू. डाव्यानं समोरचं दिसायचं, बाजूचं नाही, नळीतून पाहिल्यासारखं. थेंब चुकले तर हाही जाईल, आणि एकदा गेला की कोणाचा बाप आला तरी परत येणार नाही, हे डॉक्टरांनी मला दहादा बजावलं होतं. त्या वर्षभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. बाबांचा डावा डोळा वाचला पाहिजे, बस.

बाबांचं म्हणणं वेगळं.

"थेंबानं जास्त काही दिसून नाही राहिला. मंग कायले टाकतेस?"

"जास्त दिसायला नाही बाबा. आहे तेवढा राहायला."

"आहे तेवढ्यात काय पाहू? तुयी मशीन?"

आता सांगा, या माणसाला काय बोलायचं!

घरात लेकीची पाच जाडजूड पुस्तकं होती. एकाच लांबलचक गोष्टीचे पाच भाग. नॉर्वे, आइसलँड अशा बर्फाच्या मुलखात फार पूर्वी जे देव होते, त्यांच्यावर कोणीतरी आजच्या काळात रचलेली कादंबरी. मूळ इंग्रजीतली, पण लेकीची शाळा गोंदियाची, मैत्रिणी सगळ्या हिंदी बोलणाऱ्या, म्हणून तिनं हिंदीतली घेतली होती. बारावीच्या वर्षी फिजिक्सच्या गाइडमध्ये लपवून ती हे वाचायची. एकदा सापडली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाचही भाग लोखंडी पेटीत टाकून मी कुलूप लावलं. दोन दिवस ती जेवली नाही. मीही नाही. बाप तशी मी, आणि मी तशी लेक.

जूनमध्ये एका दुपारी लाइट गेली, मशीन थांबली. मापांची जुनी वही शोधायला मी पेटी उघडली तर वरच ती पुस्तकं. बाबा खाटेवरून म्हणाले, "काय आहे वो ते?"

"तुमच्या नातणीचे धंदे. राक्षस, लांडगे, एकडोळ्या देव."

"एकडोळ्या?"

"हाव. फोटो आहे त्याचा वरती."

"वाच मंग. लाइट येतपर्यंत."

मी वाचायला लागले. एका नावाड्याची पोर असते. बाप मेल्यावर तीच लोकांना नदीपार नेते. धुक्यातून एक म्हातारा येतो, मोठी टोपी घातलेला, एक डोळा नसलेला. पोर विचारते, डोळ्याला काय झालं? म्हातारा म्हणतो, तो मी पाण्याला दिला. पोर म्हणते, पाण्याला कोणी डोळा देतं का?

बाबा खाटेवर उठून बसले होते. मी पुस्तक मिटलं.

"वाच ना!"

"आधी थेंब."

त्यांनी त्या एका चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी मी पळून गेले असते. मग चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला आणि मान मागे केली. "टाक."

त्या अख्ख्या वर्षात मला सुचलेली ती एकच हुशारीची गोष्ट. थेंब पडला की पान उघडायचं. तीन थेंब, तीन वेळा वाचन. सकाळी दुकान उघडण्याआधी, दुपारी जेवल्यावर, आणि दिवेलागणीला. पुस्तकातली हिंदी एकदम संस्कृत वळणाची, ती मी डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं आमच्या गावच्या बोलीत सांगायची. "महान वृक्ष की जड़ों तले" असं लिहिलेलं असलं की मी म्हणायची, "मोठ्या झाडाच्या बुडाशी बाबा." फॉल लावायला आलेल्या बायाही साडी मांडीवर घेऊन ऐकत बसायच्या. "दीदी, फिर भेड़िये का क्या हुआ?" साड्यांची कामं उशिरा व्हायला लागली, पण कोणी कुरकुर केली नाही.

बाबा नुसते ऐकत नसत, निवाडा करत. जगाच्या झाडाखाली एक विहीर असते. तिचं पाणी प्यायलं की पुढचं-मागचं सगळं कळतं. विहिरीला राखणदार. देव येतो, पाणी मागतो. राखणदार म्हणतो, एक डोळा दे. देव देतो. मला वाटलं होतं, आपल्यासारखाच एकडोळ्या म्हणून बाबांना देवाचं कौतुक वाटेल. कसलं काय! ते राखणदाराच्या बाजूनं.

"बराबर केला त्यानं. देव असला तरी काय झाला? फुकट पाणी देल्ला का पाणी राहत नाही."

कारण बाबा स्वतः तीस-बत्तीस वर्षं गावचे पाणकर होते. आमच्या गावाचा तलाव पूर्वजांनी बांधलेला. धानाला पाणी लागलं की तलावाचं दार, म्हणजे मोरी, उघडायची आणि एकेका शेताला पाळीपाळीनं पाणी सोडायचं. कोणाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, कधी भरेल हे गावानं नेमलेला पाणकर ठरवतो, आणि त्याच्या शब्दापुढे पाटीलही नाही. एका साली माझ्या सख्ख्या मामानं लपून मोरी उघडली आणि पाळी नसताना आपली बांधी भरून घेतली. बाबांनी साऱ्या गावासमोर त्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं केलं. आमच्याकडे रीतच तशी होती. चोरणाऱ्यानं पाळीवर उभं राहून तीनदा ओरडून सांगायचं, मी पाणी चोरलो. मग त्या साली त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी. आई आठ दिवस बाबांशी बोलली नव्हती.

"पण पाणी देल्लं ना शेवटी मामाले?" मी वाचता वाचता विचारलं.

"द्या लागते. चोर झाला म्हणून त्याचा धान वाळवाचा का? शेवटी द्याचा, पण द्याचा."

त्याच रंगात त्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मी पूर्वीही शंभरदा ऐकली होती. तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांनी नकाशा पाहून सांगितलं, तलावाचं पाणी गावाच्या अगदी टोकाच्या बांधीपर्यंत पोचूच शकत नाही. बाबांनी पाटातला गाळ काढला, पाळ्या बदलल्या, आणि पाच दिवसांनी तिथं पाणी पोचवलं. "शेवटच्या बांधीले टाइम लागते. साहेबाले काय माहीत, त्यानं कधी वाट पाहिली होती?" मी हूं हूं केलं आणि पान उलटलं. तेव्हाच नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरा भाग संपत आला तेव्हा एक दिवस त्यांनी अचानक विचारलं, "त्या देवाले डोळा देऊन काय भेटला?"

"शहाणपण. पुढचं सारं दिसलं त्याला."

"माले काय भेटला?"

मला कळेना. ते भिंतीकडे पाहत बोलत होते. आई नागपूरला दवाखान्यात होती त्या साली त्यांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली होती. कोणाला सांगितलं नाही. उलट एका सकाळी तलावाच्या पाळीवर उभं राहून त्यांनी मनात देवाला म्हटलं, हा डोळा नेऊन राहिला असशील तर ने. पण तिले राहू दे.

"डोळाबी गेला. तेबी गेली." मग म्हणाले, "त्या देवाले एक घोट पाणी तरी भेटला."

मी पुस्तक बाजूला ठेवून रडले. अगदी हुंदके देऊन रडले, दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी. हा माणूस आईशी एक शब्द गोड बोललेला मी कधी ऐकला नव्हता. आणि म्हणून उपचार नको होते तर त्यांना! दिलेलं परत कसं मागायचं, असं त्यांच्या डोक्यात. डावाही जात असेल तर जाऊ दे, वरच्याचं मागणं अर्धं राहिलं असेल, असंही एकदा बोलून गेले.

पोळ्याच्या आधी तपासणीला गेलो तर डोळ्यातला दाब वाढलेला. थेंबांनी आवरत नाही, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, डॉक्टर म्हणाले. चांगला माणूस, वेळ देऊन समजावणारा. बाबांना हिंदीत म्हणाले, "बाबूजी, आँख के अंदर पानी बनते रहता है। निकलने की नाली बंद हो गई। पानी भर-भर के नस को दबा रहा है। हम एक छोटी सी नई नाली बना देंगे।" बाबांची मान एकदम वर झाली. तुंबलेलं पाणी, बंद मोरी, पाळीवर येणारा जोर, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "जो गया वो वापस नहीं आएगा। जो बचा है वो बचेगा।" झालं. बाबांनी चप्पल घातली.

ऑटोत बसल्यावर म्हणाले, "मोरी उघडून बांधीत पाणी जात नाही, मंग उघडाची कायले?"

मी ओरडले. ऑटोवाल्यानं मागे वळून पाहिलं इतकी ओरडले. घरी येऊन जेवण आपटलं. चार दिवस समजावलं, पाचव्या दिवशी पाया पडले, सहाव्या दिवशी म्हटलं, आंधळे व्हा मग आणि बसा. काही उपयोग नाही. लेकीनं फोनवर सांगून पाहिलं. नवऱ्यानं सांगून पाहिलं. दगडाला पाझर फुटेल, बाबांना नाही.

तेव्हा आम्ही तिसऱ्या भागात होतो. नावाड्याची पोर शोधत शोधत त्या विहिरीपर्यंत पोचते, आत वाकून पाहते. तळाशी देवाचा डोळा पडलेला असतो, उघडा. तो तिच्याकडे पाहतो. राखणदार म्हणतो, दिलेलं इथं राहतं. बस, एवढंच लिहिलेलं होतं.

माझं बोट त्याच ओळीवर होतं, आणि तोंडातून दुसरंच निघालं. राखणदारानं देवाला बोलावून सांगितलं, तुझी पाळी पुरी झाली. विहिरीचं पाणी तुंबलं होतं म्हणून तुझा डोळा वर येत नव्हता. मग त्यानं झाडाच्या मुळाशी छोटी नवी नाली खोदली. पाणी हललं. डोळा तरंगत वर आला. देवानं तो ओंजळीत घेतला, धुतला आणि लावला. दिसायला लागलं.

मला वाटलं आता पकडतील.

"असा लिहिला आहे?"

"हाव."

"परत वाच."

आता आली का पंचाईत! पुस्तकात असतं तर वाचता आलं असतं. मी आठवून आठवून पुन्हा सांगितलं, आणि "ओंजळीत" म्हणायचं विसरले.

"ओंजळीत घेतला ना त्यानं?" बाबा म्हणाले.

"हाव हाव. ओंजळीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी थेंबासाठी गेले तर ते अंघोळ करून बसलेले. "कधी जाचा आहे डॉक्टरकडे?" मला इतका आनंद झाला की मी तशीच बाटली हातात घेऊन नवऱ्याला फोन केला. पाय जमिनीवर नव्हते. त्यांनी त्या खोट्यातून नेमकं काय घेतलं, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. खरं सांगते. मला डावा डोळा दिसत होता, तेवढाच.

ऑपरेशन नीट झालं. दसऱ्यानंतर तपासलं तर दाब उतरलेला. डॉक्टर खूश, "बाबूजी, अब बच जाएगी आँख।" बाबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. परत येताना ऑटोत स्वतःशीच म्हणाले, "पाणी सुटला." घरी येऊन गावाला फोन लावला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटक होतं. "औंदा मंडईले येतो. पुढेच बसवजा माले. नाटक पाहाचा आहे नीट." मी ऐकत होते, हसत होते, आणि ब्लाउजला हुक लावत होते.

चारपाच दिवसांनी लक्षात आलं. रोज सकाळी ते खिडकीशी बसायचे, समोर शेजाऱ्यांचं पेरूचं झाड, आणि डाव्या डोळ्यावर हात ठेवायचे. मला वाटलं दुखतो.

"काऊन बाबा, दुखून राहिला का?"

"नाही वो. पाहून राहिलो, कुठवर आला."

"काय?"

"पाणी." मग एखाद्या पोरीला शिकवावं तसं शांतपणे सांगितलं. डाव्याची नाली उघडली, त्याले पयले भेटला. आता उजव्याची पाळी. तो टोकाची बांधी आहे, टाइम लागते. "डॉक्टर तं त्या साहेबावानी आहे. येत नाही म्हणते. तुया देवाले आला ना?"

माझ्या हातातली कात्री हातातच राहिली. तेव्हाच सांगायला हवं होतं. कळत होतं. पण ऑपरेशननंतरचे थेंब चालू होते, दिवसातून सहा वेळा, एकही चुकवायचा नाही. सांगितलं आणि रागानं त्यांनी थेंब सोडले तर? केलेलं सगळं मातीत. नाही सांगावं तर रोज सकाळी तो हात आणि ते पेरूचं झाड. आज सांगते, उद्या सांगते, असं करत मी दहाबारा दिवस काढले. एका सकाळी म्हणाले, "आज थोडासा उजेड वाटला बाई." मला वेडी आशा लागली, हो, मलाही! चमत्कार होतात म्हणतात. मी दुकानातला लाल ब्लाउजपीस घेऊन त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर हळूच हलवला. डाव्यावर त्यांचा हात होताच. वाऱ्यानं त्यांना कळलं असावं. हसून म्हणाले, "काय हलवून राहिली? हिरवा कापड?"

मी म्हटलं, "हाव बाबा, हिरवा." आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

लेक दिवाळीला आली ती धनत्रयोदशीच्या सकाळच्या गाडीनं. तिला स्टेशनवरच सगळं सांगून ठेवायचं असं मी ठरवलं होतं, पण दिवाळीची गर्दी, दुकानात तीन बाया साड्या घेऊन खोळंबलेल्या. ती ऑटो करून एकटीच आली, थेट आत आजोबांपाशी गेली. मी पिको करता करता ऐकत होते. पुस्तकं खाटेवरच होती. बाबा उत्साहानं म्हणाले, "तो देवाले डोळा भेटला तो वाच. तुयी आई चांगली वाचते, पण घाईत."

"कोणत्या देवाला आबाजी?"

"एकडोळ्याले. विहिरीतून."

"नाही भेटत आबाजी. पाचव्या भागापर्यंत नाही. तो डोळा तिथंच राहतो."

मी मशीन थांबवली. बाबांनी हाक मारली, "बाई."

मी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. कोणत्या पानावर, काय लिहिलं होतं, मी काय वाचलं. बाबा लेकीला म्हणाले, "ते पान काढ." तिनं काढलं, स्पष्ट आवाजात वाचलं. तळाशी डोळा पडलेला, उघडा. दिलेलं इथं राहतं.

"डॉक्टर काय म्हणला होता?"

"गेलं ते येत नाही म्हणाले होते. तुमच्यासमोरच म्हणाले होते बाबा."

"हं." मग म्हणाले, "उभी राय."

"उभीच आहे."

"इथं नाही. दुकानात. लोकं आहेत तिथं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोकं फिरलं. मी शेहेचाळीस वर्षांची बाई, माझं दुकान, माझी गिऱ्हाइकं! "तुमच्या डोळ्यासाठी केलं ना मी! माझ्यासाठी केलं का? आज तो डोळा आहे तुमच्याजवळ, तो कोणामुळे?"

"तुया मामानं त्याच्यासाठी चोरला होता का? लेकराइसाठीच चोरला होता. चोर घरासाठीच चोरते." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. "रोज सकाळी पाहत होतो मी. तू पाहत होती माले पाहताना."

मी पुढच्या खोलीत गेले. तिन्ही बाया माझ्याकडे पाहत होत्या. मशीनजवळ उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, "मी खोटं वाचलं." एक बाई घाबरून म्हणाली, "क्या हुआ दीदी?" मी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. आतून लेकीच्या रडण्याचा आवाज येत होता. मग मी खुर्चीवर बसले आणि त्या बाईची साडी पूर्ण करून दिली.

दिवाळीभर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वाढलं तर जेवले, एवढंच. एका गोष्टीनं जीव भांड्यात पडला की थेंब सोडले नाहीत. पण टाकायचे ते नातीनं. मी बाटली घेऊन गेले की तोंड भिंतीकडे. मंडईलाही नातीला घेऊन गेले, मला चल म्हटलं नाही. लेकीनं येऊन सांगितलं, पहिल्या रांगेत बसले होते, मान वाकडी करून, डावा डोळा रंगमंचाकडे धरून. कोणी विचारलं तर सांगत होते, "एक गेला. गेला तो गेला. एक आहे." गावात सगळ्यांना सांगून आले.

लेक नागपूरला परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात बाटली घेऊन उभी राहिले. आता टाकणारं दुसरं कोणी नव्हतं. बाबा खिडकीशी बसले होते. हात डोळ्यावर नव्हता. मी येऊन उभी आहे हे त्यांना कळलं होतं, तरी बराच वेळ तशीच उभी ठेवली. बाहेर कोणीतरी दुकानाचं शटर वाजवलं. मी हलले नाही.

शेवटी त्यांनी चष्मा काढला, गुडघ्यावर ठेवला, मान मागे केली. "टाक."

मी डाव्या डोळ्यात थेंब टाकला. बरोबर आत पडला. त्यांनी डोळा मिटला, पण मान सरळ केली नाही.

"उजव्यातबी. शेवटी, पण द्याचा."

त्या डोळ्यात औषध घालून काही होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता हे बाबांनाही माहीत होतं. मी बाटलीचं टोपण पुन्हा उघडलं, त्यांची पापणी बोटानं वर धरली आणि टाकला.